साडेनऊ तासांवरची बहीण

मुलाला इतक्यात काही सांगू नका, असं आम्हाला दोघा-तिघांनी बजावलं होतं. आम्ही ऐकलं नाही. जानेवारी २०२२ मधल्या एका रविवारी पोहे खाता खाता सांगून टाकलं, "आपल्याकडे अजून एक मूल येणार आहे. भारतातून." तो तेव्हा साडेसहा वर्षांचा होता. पोह्यांतले शेंगदाणे वेचायचं थांबवून त्याने विचारलं, "कधी?"

पुढची अडीच वर्षं तो हेच विचारत होता.

आई गरोदर असली की थोरल्याला निदान तिचं पोट तरी दिसतं. डॉक्टर तारीख देतात, ती चार दिवस इकडेतिकडे होते, संपलं. आमच्याकडे त्याला दाखवायला एक निळी फाइल होती. ती दर महिन्याला फुगायची खरी, पण तिच्यावर हात ठेवून काही कळायचं नाही.

आम्ही डेट्रॉइटजवळ कँटनला राहतो. मी साताऱ्याची, नवरा अकोल्याचा. दुसरं मूल दत्तक घ्यायचं हे लग्नाआधीच ठरलं होतं, त्यामुळे 'का' यावर इथे वेळ घालवत नाही. लोकांनी विचारायचं ते विचारलंच. "काही प्रॉब्लेम आहे का गं?" हे तर इंडियन ग्रोसरीच्या रांगेत, कोथिंबिरीची जुडी हातात धरून. मुलांची नावंही लिहीत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करायची नसते, आणि कायदा नसता तरी मी केली नसती. मुलाला दादा म्हणते, कारण त्या रविवारपासून तो स्वतःला तेच म्हणवून घ्यायला लागला. मुलीला काय म्हणायचं ते तिनेच पुढे ठरवलं.

अमेरिकेत राहून भारतातलं मूल दत्तक घ्यायचं म्हणजे दोन देशांच्या दोन रांगांत एकाच वेळी उभं राहायचं. दोन्ही देश हेग करारात आहेत. भारतात तो २००३ पासून लागू आहे, अमेरिकेत २००८ पासून. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी फोन केला, गेलो, मूल घेऊन आलो, असं चालत नाही. इथली मान्यताप्राप्त संस्था, अमेरिकेचं इमिग्रेशन खातं, दिल्लीची 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, मूल जिथे वाढतंय ती संस्था, तिथली बाल कल्याण समिती, शेवटी जिल्हाधिकारी. मी हे सगळं दादाला कागदावर गोल काढून समजावलं. त्याने गोल मोजले.

"एवढ्या सगळ्यांनी हो म्हणायचं?"

"हो."

"आणि मी?"

त्याला विचारणारं माणूस या अख्ख्या साखळीत एकच निघालं. होम स्टडीला, म्हणजे घराची आणि घरातल्यांची तपासणी करायला, येणारी सोशल वर्कर. तिने आधी आमचा पिट्टा पाडला. पगाराच्या पावत्या, पोलिसांचे दाखले, मित्रांची पत्रं, आमच्या लहानपणी घरात कोण रागावायचं आणि कसं, इथपर्यंत. दहा तासांचं पालक-प्रशिक्षण झालं. धुराचे अलार्म वाजवून पाहिले, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का ते पाहिलं. आणि मग ती दादाच्या खोलीत जाऊन त्याच्याबरोबर जमिनीवर बसली. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालायचं नाटक करत होते.

"ती आली आणि तिने तुझा लेगोचा किल्ला मोडला, तर?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "आधी ओरडीन. मग आईला सांगीन. आईने काही केलं नाही तर पुन्हा ओरडीन."

तिने हे जसंच्या तसं अहवालात घातलं. सबंध अहवालात आमच्या घरासारखं वाटणारं ते एकच वाक्य आहे.

कागदांचं पुराण थोडक्यात आटपते. नवरा अमेरिकन नागरिक, म्हणून अर्ज त्याच्या नावाने; मी ग्रीनकार्डवाली. जुलैमध्ये आय-८००ए नावाचा अर्ज गेला, ठसे दिले, ऑक्टोबरात मंजुरी आली. ही मंजुरी १५ महिने टिकते, दुधाच्या कॅनसारखी तारीख छापूनच येते. नोटरीच्या सह्या झालेले कागद लान्सिंगला, आमच्या राज्याच्या राजधानीला, पाठवून त्यांवर ॲपॉस्टिल, म्हणजे ते परदेशात चालावेत यासाठीचा दाखला, करून आणलं. त्या खात्याचं नाव 'ऑफिस ऑफ द ग्रेट सील'. दादाला वाटलं तिथे खरोखर एक मोठा सील मासा बसलेला असतो आणि तो कागदांवर पंजा उमटवतो. मी ते दुरुस्त केलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये काराच्या पोर्टलवर आमचं नाव चढलं आणि खरी वाट पाहणं सुरू झालं.

सासूबाई दरवर्षी कुणाच्या तरी बॅगेतून कालनिर्णय पाठवतात. ते फ्रिजशेजारी टांगलेलं असतं. दादाने लाल खडूने रोज एक दिवस खोडायला सुरुवात केली. शाळेच्या सुट्टीला किती दिवस उरले हे तो असंच मोजायचा. मला तेव्हाच सांगायला हवं होतं, की राजा, दिवस खोडायला शेवटचा दिवस माहीत असावा लागतो. तो खोडत राहिला, महिना उलटला की पान उलटायचा, मागच्या बाजूचं राशिभविष्य मला वाचायला लावायचा. मार्चमध्ये माझ्या राशीला 'संततीसौख्य' होतं. मी विश्वास ठेवत नाही. तरी दोनदा वाचलं.

आणि मार्चमध्येच खरंच ईमेल आली.

एक लहान मुलगा. फोटो, संस्थेने लिहिलेला मुलाचा अहवाल, वैद्यकीय अहवाल. ९६ तासांत मूल आपल्यासाठी राखून ठेवायचं, मग ३० दिवसांत सगळं वाचून, डॉक्टरांना दाखवून होकाराची सही करायची, असा नियम. आम्ही राखून ठेवलं. फोटो माझ्या फोनवर होता आणि फोन ओट्यावर. दादाने तो पाहिला. लपवायला हवा होता, हे आता म्हणणं सोपं आहे.

त्या मुलाच्या आजाराबद्दल इथे लिहिणार नाही, ती त्याची गोष्ट आहे. दोन डॉक्टरांशी बोललो. त्याला जे लागणार होतं ते देण्याची ताकद आमच्यात नाही, हे मान्य करायला आम्हाला तीन आठवडे लागले. सव्विसाव्या दिवशी नाही कळवलं. कायद्याने तो आमचा हक्क आहे, संस्थेतल्या बाईही म्हणाल्या की घेऊन मग न झेपण्यापेक्षा हे बरं. खरं असेल. तरी त्या रात्री आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

दादाला मी सकाळी शाळेला जाताना गाडीत सांगितलं. आरशात त्याचा चेहरा दिसत होता. तो म्हणाला, "त्याला आपला फोटो दाखवला होता का?"

"नाही. आपण सही केल्याशिवाय दाखवत नाहीत."

"मग बरं," म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून कालनिर्णयावर खडू चालणं बंद झालं.

मधले महिने रिकामे गेले. या काळात फोनवर सल्ले मात्र भरपूर मिळाले. अकोल्याच्या एका काकांनी वकिली मुद्दा काढला: मुलगा असताना दुसरा मुलगा दत्तक घेताच येत नाही, बरं झालं तो नाही झाला. त्यांचं अर्धं बरोबर होतं. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यात तसं कलम आहे. पण आमचं प्रकरण बाल न्याय कायद्याखाली चाललं होतं, तिथे ती अट नाही. मी हे शांतपणे सांगितलं, पण 'बरं झालं' हा शब्द मला अजून टोचतो.

दुसरे म्हणायचे, एवढी मुलं अनाथ पडलीत आणि सरकार अडवून धरतं. मलाही एखाद्या दिवशी तसंच वाटायचं. पण या चाळण्या कुणी उगाच लावलेल्या नाहीत. एके काळी भारतातली मुलं परदेशी जायची तेव्हा कुठे गेली, कुणाकडे गेली, याची धड नोंदही नसायची. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी त्यावर सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि १९८४ साली नियम घालून दिले. त्यातूनच पुढे १९९० मध्ये कारा उभी राहिली. तेव्हा गेलेल्यांपैकी काही जण आज पन्नाशीत महाराष्ट्रात परत येतात आणि जुन्या रजिस्टरांत आईचं नाव शोधतात. हे वाचलं की मी ईमेल उघडून बघायचं थांबवायचे. निदान तासभर.

सप्टेंबर २०२३. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी, संस्थेत, चार वर्षांची मुलगी. उजवा कान जन्मतःच नीट तयार न झालेला: बाहेरची पाळी चिमुकली, आत वाट बंद. डाव्या कानाने स्वच्छ ऐकू येतं. बोलते भरपूर, असं अहवालात लिहिलं होतं. त्या 'भरपूर'खाली लिहिणाऱ्या बाईंनी रेघ मारली होती.

या वेळी फोन कुलुपात ठेवला. चौथ्या दिवशी, सही करून झाल्यावर, दादाला बोलावलं. त्याने फोटो पाहिला. जवळ घेतला, लांब धरला.

"हिला आपला फोटो दाखवणार?"

"आता दाखवणार. आपणच पाठवायचाय."

संस्थेने सांगितलं होतं की घराचा, माणसांचा अल्बम करून पाठवा, आम्ही तिला रोज दाखवू. मी आजी-आजोबा, अंगण, वाढदिवस असे फोटो काढून ठेवले होते. दादाने ते बाजूला सारले. त्याचं म्हणणं, हे तिला काय उपयोगाचं? त्याने माझा फोन घेतला आणि स्वतः फोटो काढले: रात्री बाथरूमचा दिवा लावायचं बटण. जिन्याची करकरणारी पायरी. फ्रिजमध्ये दही कुठे असतं. बर्फ उपसायचं फावडं. शेजारचा कुत्रा, आणि त्याच्याखाली 'हा चावत नाही'. खालची सगळी अक्षरं त्याची, रविवारच्या मराठी शाळेत शिकलेली, काना एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे. 'हे तुझी ब्रश' असं त्याने लिहिलं होतं. मी म्हटलं, ब्रश तो. त्याने खोडून 'हा तुझा ब्रश' केलं आणि मग विचारलं, "तिला वाचता येतं?" नाही, चार वर्षांची आहे. "मग मी कशाला लिहितोय?" पण लिहीत राहिला.

ऑक्टोबरात शनिवारचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. त्यांच्या संध्याकाळचे सहा, आमचे सकाळचे साडेआठ. दादाने भिंतीवरच्या घड्याळाशेजारी दुसरं घड्याळ लावून घेतलं आणि त्याखाली कागद चिकटवला, 'तिचे'.

पहिल्या कॉलला मी तयारी करून बसले होते. फोन एका मावशींच्या हातात, त्यांच्या मांडीवर ती. दोन शेंड्या, पिवळा फ्रॉक, आमच्याकडे बघणं नाही. मी माझ्या सगळ्यात गोड आवाजात म्हटलं, "बाळा, तू जेवलीस का?" काही नाही. "तुला आमचे फोटो आवडले का?" काही नाही. मावशी म्हणाल्या, लाजते जराशी. दादाने घोकलेलं वाक्य म्हटलं, "मी तुझा दादा आहे." ती फोनच्या कडेला असलेल्या एका माशीकडे पाहत होती.

तेवढ्यात माझ्या मागून नवऱ्याचा आवाज आला. "काय खाल्लं वं पोरी आज?"

तिने मान वळवली. "वरन-भात. तुमी?"

इथे मला एक कबूल करायचंय. आमचं लग्न ठरलं तेव्हा हा माणूस अकोल्याचं बोलायचा आणि मी हसायचे. वाईट हेतूने नाही, पण हसायचे. पुण्यातल्या हॉस्टेलवरही मुलं हसायची. हळूहळू त्याचं 'मले' जाऊन 'मला' झालं, 'काहून'चं 'का' झालं, आणि अमेरिकेत आल्यावर उरलंसुरलंही गेलं. आईशी फोनवर बोलतानाच काय ते ऐकू यायचं, तेही तो दुसऱ्या खोलीत जाऊन बोलायचा. आता तो माझ्या खांद्यावरून पुढे वाकून तिच्याशी घडाघडा बोलत होता, आणि ती चार वर्षांची पोर त्याला आपल्या भागातला माणूस भेटल्यासारखी उत्तरं देत होती. मी आणि दादा दोघं बाजूला बसलो.

फोन ठेवल्यावर दादा म्हणाला, "बाबा, ती जे बोलते ते मराठी आहे?"

"हाव," बाबा म्हणाला. आणि हसला.

त्या दिवसापासून घरात दोन शिकवण्या सुरू झाल्या. रविवारी मराठी शाळेत 'मला पाहिजे', शनिवारी बाबाकडे 'मले पायजे'. दादाला हे दुसरं फार लवकर जमलं. मराठी शाळेच्या बाईंनी एकदा मला थांबवून विचारलं, तो 'काय करून राह्यला' असं का म्हणतो, घरी कुणी नवीन आलंय का? मी म्हटलं, यायचंय.

दिवाळीतला शनिवार आम्ही घालवला. पाच नोव्हेंबरला अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली, हे भिंतीवरच्या आमच्या घड्याळाला कळलं, आमच्या डोक्याला नाही. दादा हातात आकाशकंदील घेऊन साडेआठला तयार. तिकडे सात वाजून गेलेले. मावशी म्हणाल्या, वाट पाहिली हो तिने, आता जेवायला बसली. नऊ वर्षांपेक्षा लहान पोराला सूर्य, पृथ्वी आणि डेलाइट सेव्हिंग समजावून सांगणं कठीण आहे. साडेनऊ तासांचे साडेदहा झाले एवढं त्याला समजलं. "म्हणजे ती अजून एक तास लांब गेली," म्हणाला, आणि कंदील जिन्यात टाकून वर निघून गेला.

पुढच्या कॉलला त्याने बाहेरचा पहिला बर्फ वाडग्यात भरून आणला. तिने नीट पाहून विचारलं, "मीठ सांडलं का तुमच्या घरी?" त्याने खाऊन दाखवला. तिला अजून खाऊन दाखवायला हवा होता. त्याने वाडगा संपवला आणि तीन दिवस घसा धरून बसला.

एका कॉलमध्ये एक रांगतं बाळ तिच्या अंगावर येऊन आदळलं. तिने बोलणं न थांबवता त्याला उचललं, मांडीत घेतलं, फ्रॉकच्या टोकाने त्याचं नाक पुसलं आणि पुढचं वाक्य बोलली. मागून कुणीतरी हाक मारली, "ताई!" ती ओरडली, "येते ना!" मावशींनी हसत सांगितलं, इथली लहान पोरं हिलाच ताई म्हणतात.

कॉल संपल्यावर दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, तिला दादा कशाला हवाय? ती ताईच आहे."

आम्ही घडवलेलं सगळं चित्र एका बाळाचं होतं. त्याचं जुनं पांघरूण, त्याने कडेवर घ्यायच्या गोष्टी. दोन वर्षं तो ज्याची वाट पाहत होता ते मूल येणारच नव्हतं. येणारी पोर आपलं घर चालवून येणार होती. तेव्हापासून आम्ही तिला ताईच म्हणतो.

कान कसा, हे तिने स्वतः सांगितलं. दादाने एकदा विचारलंच. तिने केस मागे केले, उजवी बाजू फोनला लावली आणि म्हणाली, "हा कान झोपेल हाय. इकडून बोल." बस्स. दादाने लगेच प्रॅक्टिस सुरू केली. तिच्या चांगल्या कानाच्या बाजूने चालायचं म्हणून तो माझ्या, बाबाच्या, शाळेतल्या मित्रांच्या ठरावीक बाजूला जाऊन उभा राहायचा. रस्त्यात आम्ही बाजू बदलली की धावत पलीकडे. सहा महिने.

मधे दोन्ही रांगा आपापल्या गतीने सरकत होत्या. आय-८०० या पुढच्या अर्जाची प्राथमिक मंजुरी, दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीचं हेग कराराच्या पाचव्या कलमाचं पत्र, मग काराचं ना-हरकत प्रमाणपत्र. संस्थेच्या खात्यावर ५००० डॉलर. पूर्वी शेवटचा आदेश कोर्ट द्यायचं; सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. आमचा जून २०२४ मध्ये झाला. त्या रात्री दादाने लाल खडू शोधून काढला. आता शेवटचा दिवस माहीत होता: सोळा जुलै, विमान. त्याने एकवीस दिवस खोडले.

अकोल्याहून गाडीने तीन तास. पाऊस. संस्थेच्या व्हरांड्यात पंधरा-वीस चिमुकल्या चपला ओळीने, आणि दादाने त्यांच्याशेजारी आपले मोठे बूट काढून ठेवले, तेही ओळीत. आत ताई नवीन फ्रॉकमध्ये, मावशींचा पदर धरून. आमच्या दोघांकडे तिने एकदाच पाहिलं. मग दादाकडे. वरपासून खालपर्यंत.

दादाने घोकलेलं सगळं विसरून तो सरळ गेला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. ठरवल्याप्रमाणे, चांगल्या कानाच्या बाजूला. हळूच काहीतरी म्हणाला. तिने त्याचा शर्ट धरला, त्याला ओढून आपल्या पुढून पलीकडे नेलं आणि म्हणाली, "इकडून."

सहा महिने पोरगा चुकीच्या बाजूने चालत होता. फोनवर समोरासमोर बसलं की तिचा उजवा कान आपल्या डाव्या हाताला दिसतो. त्याने आपली डावी-उजवी धरली होती. आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

अकोल्यात चार दिवसांचे पंधरा झाले. एका कार्यालयातून आलेल्या जन्मदाखल्यात आमच्या आडनावाचं एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त झाल्याशिवाय पासपोर्ट नाही. नवरा रोज छत्री घेऊन जायचा. मला वैताग आला होता, पण ते दिवस वाया गेले असं म्हणवत नाही. "घरात एक लेकरू असताना कशाला," असं सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या. त्यांनी एका सकाळी ताईला पुढ्यात बसवलं. केस विंचरताना तो कान पाहिला. तेलाचं बोट त्यावरून एकदा फिरवलं, आणि वेणी घातली. त्यानंतर रोज तीच वेळ ठरली.

दिल्लीत मेडिकल, वकिलात, व्हिसा. हॉटेलातल्या दुसऱ्या रात्री दोन वाजता मला जाग आली. ताई अंधारात दाराशी उभी होती. चपला घातलेल्या. रडत नव्हती. "मावशीकडे जाते," म्हणाली. मी उठून जवळ गेले तर दाराला पाठ लावून अंग चोरलं. प्रशिक्षणाच्या दहा तासांत हे होतं. मुलाला दुःख करू द्या, असं काहीतरी. आता काय करायचं ते एकही आठवेना.

दादा उठला. पलंगाखालून बूट काढले, नाड्या न बांधता घातले आणि तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. काही बोलला नाही. मी दार उघडलं. आम्ही तिघं लांबलचक कॉरिडॉरमधून लिफ्टपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला लिफ्टचं बटण कुणी दाबायचं यावरून दोघांची जुंपली, आणि मग ती रडली. मोठ्याने, खूप वेळ. दादाने नंतर मला विचारलं, बटणामुळे रडली का? मी म्हटलं, नाही रे. "मला माहितीये," म्हणाला.

डेट्रॉइटच्या विमानतळावर खिडकीमागच्या माणसाने शिक्का मारला आणि ती त्या क्षणी अमेरिकन नागरिक झाली. २००० सालचा कायदाच तसा आहे. मी अजून ग्रीनकार्डवर. नवऱ्याने तेवढ्यात टोमणा मारून घेतला.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी अहवाल जातो, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. शाळा, वजन, कानासाठी हेडबँडवर बसवलेलं यंत्र, त्यातून हाडावाटे आवाज आत जातो, असं सगळं त्यात असतं. दादा विचारतो, माझं काय लिहिलं? त्यात त्याचा रकाना नाही. लेगोचा किल्ला पहिल्याच आठवड्यात मोडला गेला. तो आधी ओरडला, मग मला सांगितलं, मग पुन्हा ओरडला.

दोघं एकाच खोलीत झोपतात. दिवा बंद झाल्यावर दादाची बडबड सुरू होते: शाळा, डायनासोर, उद्या काय. ताई यंत्र काढून ठेवते, थोडा वेळ ऐकते. आणि कंटाळा आला की डाव्या कुशीवर वळून चांगला कान उशीत खुपसते. झोपेल कान वर. मग त्याने कितीही गप्पा मारल्या तरी चालतंय.

काल रात्री जिन्यातून त्याचा आवाज खाली आला, अगदी रडवेला.

"आई! पाह्य ना, थे मुद्दाम करून राह्यली!"